निवडणुकीचा पडद्यामागील सूत्रधार : धुळे मतदारसंघाच्या अनुषंगाने एक विवेचन

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ या कायद्यात निवडणुकीतील प्रत्येक अधिकृत भूमिकेची नोंद आहे. उमेदवाराने निवडणूक-प्रतिनिधी कसा नेमावा, मतदान-केंद्रावर त्याच्या वतीने कोणी बसावे, मतमोजणीच्या जागी कोणी हजर राहावे, या सर्वांची तरतूद त्यात केलेली आहे. निवडणूक-प्रतिनिधीने भ्रष्ट मार्ग अवलंबिल्यास विजयी उमेदवाराची निवड रद्द होऊ शकते, इतकी ही भूमिका कायद्याने जबाबदारीची मानली आहे. तथापि कोणत्या पक्षाशी समझोता करावयाचा, कोणता प्रश्न पुढे आणावयाचा व कोणता मागे ठेवावयाचा, प्रचाराची शक्ती कोणत्या गावांवर व कोणत्या वस्त्यांवर खर्च करावयाची, हे सर्व जो ठरवितो त्याचा मात्र या अधिनियमात स्वतंत्र उल्लेख नाही. तो व्यासपीठावर नसतो, मतपत्रिकेवर नसतो आणि पुष्कळदा वृत्तपत्रांतही नसतो. अशा व्यक्तीस येथे ‘सूत्रधार’ असे म्हटले आहे. संस्कृत नाटकातील सूत्रधार निदान प्रारंभी रंगमंचावर येऊन प्रेक्षकांशी बोलतो. निवडणुकीचा सूत्रधार नेपथ्यातच राहतो, एवढा भेद येथे लक्षात ठेवावयास हवा.

या सूत्रधाराविषयी दोन टोकांची मते आढळतात. एका मताप्रमाणे तो जादूगार असून कोणासही निवडून आणू शकतो. दुसऱ्या मताप्रमाणे तो केवळ जाहिरातदार असून निकालाशी त्याचा फारसा संबंध नसतो. खानदेशातील, विशेषतः धुळे मतदारसंघातील, निवडणुकांचा क्रम पाहिला असता ही दोन्ही मते अपुरी ठरतात. जनमत निर्माण करणे सूत्रधाराच्या हाती नसते; पण विखुरलेल्या जनमतास विजयाचे रूप देणे बऱ्याच अंशी त्याच्या हाती असते. हे कार्य कसे घडते आणि त्याचे उत्तरदायित्व कोणावर पडते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. कार्याचे स्वरूप

सूत्रधाराच्या कार्याची सोयीसाठी चार अंगे मानता येतील. पहिले अंग म्हणजे मतदारसंघाचे वाचन : मागील निकाल, मतदारयाद्या, जातींची व व्यवसायांची वाटणी, पाण्याचे व पिकांचे प्रश्न, स्थानिक वैरे आणि नातेसंबंध यांचा अभ्यास. दुसरे अंग जुळणीचे. कोणाशी युती करावयाची, कोणती जागा सोडावयाची, कोणत्या इच्छुकाची समजूत काढावयाची, याचा निर्णय येथे होतो. तिसरे अंग विषय-निश्चितीचे. मतदाराने मत देताना कोणत्या प्रश्नाचा विचार करावा हे ठरविण्याची धडपड प्रत्येक पक्ष करीत असतो, आणि ज्याचा प्रश्न मतदार स्वीकारतो त्याचे अर्धे काम झालेले असते. चौथे अंग व्यवस्थेचे, म्हणजे अनुकूल मतदारास मतदानाच्या दिवशी प्रत्यक्ष केंद्रापर्यंत आणण्याचे.

या चारही अंगांना महत्त्व प्राप्त होते ते आपल्या निवडणूक-पद्धतीमुळे. ज्याला सर्वांत अधिक मते पडतील तो निवडून येतो. निम्म्याहून अधिक मते मिळालीच पाहिजेत असा नियम नाही. त्यामुळे मतांचे प्रमाण आणि जागांचे प्रमाण यांत मोठे अंतर पडू शकते. १९५२ मध्ये तत्कालीन मुंबई राज्याच्या विधानसभेत काँग्रेसला सुमारे निम्म्या मतांवर ३१५ पैकी २६९ जागा मिळाल्या. विरोधी मते अनेक पक्षांत व अपक्षांत विभागली गेली होती. मते संख्येने पुरेशी असून ती एकत्र नसल्यास निष्फळ होतात, हा या निकालाचा धडा होता. पाचच वर्षांनी तो महाराष्ट्रात उपयोगात आला.

२. १९५७ : जुळणीची निवडणूक

संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यास झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत सार्वत्रिक निवडणूक झाली. या निवडणुकीचा विषय शोधावा लागला नाही. तो लोकांनीच, हौतात्म्याची किंमत देऊन, ठरविला होता. प्रश्न होता तो जुळणीचा. समितीत प्रजासमाजवादी व कम्युनिस्ट होते, शेतकरी कामगार पक्ष व शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन होते, त्याचप्रमाणे जनसंघ आणि हिंदुमहासभाही होती. एरवी ज्यांनी एकमेकांचे तोंड पाहिले नसते अशांना एका उमेदवारामागे उभे करणे, हे त्या निवडणुकीतील खरे पडद्यामागील कार्य होय. सभांतून आचार्य अत्रे गाजले, शाहीर अमर शेख व अण्णाभाऊ साठे यांनी गावे जागविली. परंतु ‘या जागेवर तुमचा, त्या जागेवर आमचा’ हा हिशेब समितीच्या बैठकांतून जुळला नसता तर त्या जागृतीची मते पुन्हा विभागली गेली असती. समितीचे सरचिटणीस एस. एम. जोशी यांच्या कार्याचे मोजमाप करताना त्यांच्या भाषणांइतकेच या हिशेबाकडेही पाहावयास हवे.

खानदेशातील निकाल या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. धुळ्यातून भारतीय जनसंघाचे उत्तमराव पाटील लोकसभेवर निवडून गेले. त्या वर्षी जनसंघाला साऱ्या देशात लोकसभेच्या चारच जागा मिळाल्या. त्यांपैकी धुळे व रत्नागिरी या दोन जागा समितीच्या प्रभावक्षेत्रातील होत्या. पूर्व खानदेशातून नौशीर भरुचा हे मुंबईचे पारशी कायदेपंडित अपक्ष म्हणून विजयी झाले. शेजारच्या नाशिकमधून शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे दादासाहेब गायकवाड निवडून आले. उमेदवाराचा पक्ष, जात वा धर्म यांच्या नेहमीच्या गणिताने या तिन्ही निकालांचा एकत्र उलगडा होत नाही. तो होतो एका समान प्रश्नाने आणि त्या प्रश्नामागे केलेल्या जागावाटपाने.

या जुळणीची व्यावहारिक अडचणही ध्यानात घ्यावी. १९५७ मध्ये प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र मतपेटी असे व तिच्यावर त्याचे चिन्ह लावलेले असे. मतदाराने मतपत्रिकेवर खूण न करता ती इच्छित पेटीत टाकावयाची असे. समितीचे घटक पक्ष निरनिराळे असल्याने एका मतदारसंघात ‘समिती’ म्हणजे दिवा, तर दुसऱ्यात आणखी काही, अशी स्थिती होती. निरक्षर मतदारास आपल्या गावापुरती समितीची पेटी कोणती हे नेमके समजावून सांगणे भाग होते. लोकसभेसाठी एक चिन्ह व विधानसभेसाठी दुसरे असेल तेथे ही अडचण दुप्पट होई. घराघरांतून केलेले हे शिक्षण कोणत्याही वृत्तांतात ठळकपणे येत नाही. परंतु त्यावाचून सभेतील टाळ्यांचे मतांत रूपांतर झाले नसते.

समितीच्या या यशाची मर्यादाही धुळ्यातच दिसून आली. राज्यभरात ३९६ पैकी २३४ जागा मिळवून काँग्रेसने सत्ता राखली असली तरी पश्चिम महाराष्ट्रातील तिच्या मोठ्या पराभवाचा परिणाम टाळता आला नाही आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. ज्या प्रश्नाने समिती बांधली होती तो सुटताच तिचे बंध सैल झाले. १९६२ मध्ये धुळ्याची जागा काँग्रेसकडे परत गेली आणि नव्या विधानसभेत २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसने जिंकल्या. जुळणी करणाऱ्यांचे कौशल्य पाच वर्षांत लोपले असे मानण्यास कारण नाही. लोपला होता तो प्रश्न. प्रश्नाविना केलेली जुळणी म्हणजे दोऱ्याविना ओवलेली माळ होय.

३. संघटनेतील सूत्रधार

समितीची जुळणी एका प्रश्नापुरती होती. दीर्घकाळ चालणाऱ्या जुळणीचे उदाहरण म्हणून वसंतराव भागवत यांच्या कार्याचा उल्लेख करावा लागतो. जनसंघाचे व पुढे भारतीय जनता पक्षाचे महाराष्ट्रातील संघटन त्यांनी बांधले. १९८० मध्ये भाजपची स्थापना झाली तेव्हा प्रदेशाध्यक्षपद धुळ्याच्याच उत्तमराव पाटील यांच्याकडे आले. संघटनेची सूत्रे मात्र भागवतांसारख्या कार्यकर्त्यांच्या हाती होती. हा पक्ष मुख्यतः शहरी व ब्राह्मणी वळणाचा समजला जाई. काँग्रेसचा आधार असलेल्या मराठा नेतृत्वाशी सरळ स्पर्धा करण्याऐवजी माळी, धनगर व वंजारी या समाजांतून नवे नेतृत्व उभे करावे, असा विचार ‘माधव’ या आद्याक्षरांच्या सूत्राने ओळखला जातो आणि त्याचे श्रेय सामान्यतः भागवतांना दिले जाते. ना. स. फरांदे, अण्णा डांगे व गोपीनाथ मुंडे ही नावे या सूत्राच्या संदर्भात घेतली जातात. खानदेशातही पक्षाचा सामाजिक पाया विस्तारत गेला. १९९० मध्ये एदलाबादमधून एकनाथ खडसे विधानसभेवर गेले.

हे कार्य मतदारसंघाच्या वाचनाचे होते, पण त्याचे फळ एका निवडणुकीत मिळणारे नव्हते. महाराष्ट्र विधानसभेत भाजपला १९८० मध्ये १४ व १९८५ मध्ये १६ जागा मिळाल्या. १९९० मध्ये हा आकडा ४२ वर व १९९५ मध्ये ६५ वर गेला. या वाढीत प्रमोद महाजन यांच्या जुळणीचा वाटा मोठा आहे. १९८९ मध्ये शिवसेनेशी झालेल्या युतीचे ते प्रमुख शिल्पकार मानले जातात. जागावाटपात धाकटेपणा पत्करून युती टिकविण्याचे धोरण त्यांनी अवलंबिले. १९९५ मध्ये शिवसेनेच्या ७३ व भाजपच्या ६५ जागांच्या बळावर, अपक्षांच्या साहाय्याने, युतीचे शासन आले. काँग्रेस ८० जागांवर थांबली. किती जागा लढवाव्यात यापेक्षा कोणत्या सोडाव्यात हे ठरविणे अधिक कठीण असते, हे १९५७ चेच तत्त्व येथे पुन्हा प्रत्ययास येते.

याच महाजनांनी २००४ च्या लोकसभा निवडणुकीत राष्ट्रीय प्रचाराची सूत्रे सांभाळली. ‘इंडिया शायनिंग’ ही त्या प्रचाराची ओळख ठरली. निकाल लागला तेव्हा काँग्रेसला १४५ व भाजपला १३८ जागा मिळाल्या होत्या. जुळणीत निष्णात असलेला सूत्रधार विषय-निश्चितीत चुकला तर काय होते, याचे हे उदाहरण आहे. देश उजळला आहे हे विधान ज्यांच्या अनुभवास उतरले नाही त्यांना ते जाहिरातीने पटविता आले नाही.

४. व्यवसायी सूत्रधार

भागवत वा महाजन हे आपापल्या पक्षाचे होते. त्यांचा निर्णय चुकला तर त्याची फळे त्यांना त्याच पक्षात राहून भोगावी लागत. मोबदला घेऊन प्रचार चालविणारा व्यवसायी ही निराळी संस्था असून तिचा आरंभ अमेरिकेत झाला. १९३३ मध्ये क्लेम व्हिटेकर व लिओनी बॅक्स्टर यांनी कॅलिफोर्नियात ‘कॅम्पेन्स इन्कॉर्पोरेटेड’ ही पेढी काढली. पुढच्याच वर्षी कादंबरीकार अप्टन सिंक्लेअर हे राज्यपालपदासाठी उभे असता या पेढीने त्यांच्याविरुद्ध प्रचार केला आणि त्यांच्या कादंबऱ्यांतील पात्रांच्या तोंडची वाक्ये लेखकाची मते म्हणून प्रसिद्ध केली. सिंक्लेअर पराभूत झाले. व्यवसायाच्या जन्मापासूनच त्याच्या नीतीचा प्रश्न त्याच्यासोबत चालत आला आहे, तो असा.

भारतात या व्यवसायाचे नाव सर्वतोमुखी झाले ते प्रशांत किशोर यांच्यामुळे. २०१२ ची गुजरात विधानसभा व २०१४ ची लोकसभा या निवडणुकांत त्यांनी नरेंद्र मोदी यांच्यासाठी, २०१५ मध्ये बिहारात नितीशकुमार यांच्यासाठी व २०२१ मध्ये पश्चिम बंगालमध्ये तृणमूल काँग्रेससाठी काम केले. परस्परविरोधी पक्षांसाठी एकाच व्यक्तीने काम करणे हे संघटनेतील सूत्रधाराच्या बाबतीत अकल्पनीय ठरले असते. खानदेशाशीही या व्यवसायाचा संबंध आला. १८ जुलै २०१९ रोजी जळगाव जिल्ह्यातील पाचोऱ्याहून आदित्य ठाकरे यांची ‘जन आशीर्वाद यात्रा’ निघाली. तिच्या आखणीत किशोर यांच्या संस्थेचे साहाय्य असल्याचे वृत्त त्या वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले होते.

व्यवसायी सूत्रधाराची कीर्ती त्याच्या विजयांवर उभी असते, म्हणून त्याचे पराजयही मोजले पाहिजेत. २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात किशोर काँग्रेसचे सल्लागार होते. समाजवादी पक्षाशी युती करून लढलेल्या त्या पक्षास ४०३ पैकी ७ जागा मिळाल्या. पुढे त्यांनी स्वतःचा ‘जन सुराज’ पक्ष काढला. २०२५ च्या बिहार निवडणुकीत त्यास एकही जागा मिळाली नाही. ज्या तंत्राने इतरांचे विजय घडले असे मानले जात होते ते तंत्र, संघटना व सामाजिक आधार यांवाचून, स्वतःच्या उपयोगी पडले नाही.

५. यादीभाग व मतदान-केंद्र

या व्यवसायाचे आजचे खरे सामर्थ्य घोषणेत नसून केंद्रनिहाय आकड्यांत आहे. देवपूर हा धुळे शहराचा पांझरेपलीकडील भाग घेतला तर सूत्रधाराच्या दृष्टीने तो एक वस्ती नसून अनेक यादीभागांचा समुच्चय असतो. प्रत्येक यादीभागात मतदाराचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव, वय, लिंग व घर क्रमांक दिलेला असतो. निवडणुकीनंतर ‘नमुना २०’ या निकालपत्रकात प्रत्येक केंद्रावर कोणास किती मते पडली हे प्रसिद्ध होते. ही दोन कागदपत्रे समोर ठेवली की कोणती गल्ली अनुकूल, कोणती प्रतिकूल व कोणती डळमळीत याचे अनुमान करता येते. यादीच्या एकेका पानासाठी एकेक कार्यकर्ता नेमण्याची ‘पन्ना प्रमुख’ पद्धत याच अनुमानावर उभी आहे.

हे ज्ञान किती निर्णायक ठरू शकते ते २०२४ च्या धुळे लोकसभा निकालावरून दिसते. २००८ च्या पुनर्रचनेनंतर या मतदारसंघात धुळे ग्रामीण, धुळे शहर व शिंदखेडा हे धुळे जिल्ह्यातील, तर मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य व बागलाण हे नाशिक जिल्ह्यातील विधानसभा विभाग येतात; साक्री व शिरपूर हे नंदुरबारकडे गेले आहेत. २०१९ मध्ये भाजपचे सुभाष भामरे येथून सव्वादोन लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आले होते. २०२४ मध्ये त्यांना सहापैकी पाच विभागांत मिळून सुमारे १ लाख ९० हजारांचे मताधिक्य मिळाले. परंतु एकट्या मालेगाव मध्यमध्ये काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना सुमारे १ लाख ९४ हजारांची आघाडी मिळाली आणि त्या ३,८३१ मतांनी विजयी झाल्या. मालेगाव मध्य हा मुस्लिमबहुल विभाग असून तेथील मते जवळजवळ एकवटून एका बाजूस पडली. इतक्या अल्प अंतराच्या लढतीत देवपुरातील काही केंद्रांवर मतदान थोडे वाढले वा घटले असते तरी निकाल पालटू शकला असता. ज्याने हे अंतर आधी ओळखले तो सूत्रधार कुशल. पण मते एकवटण्याची कारणे मतदारांच्या स्वतःच्या अनुभवात होती, कोणा एकाच्या योजनेत नव्हती.

येथेच एक गंभीर प्रश्न उद्भवतो. मत गुप्त असते, पण वस्तीचे मत गुप्त राहत नाही. कागदी मतपत्रिकांच्या काळात, आवश्यक तेथे, मोजणीपूर्वी निरनिराळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळण्याची तरतूद होती. मतदानयंत्रे आल्यावर प्रत्येक केंद्राचा आकडा उघड झाला. अनेक यंत्रांची मते एकत्रित मोजणारे ‘टोटलायझर’ हे उपकरण वापरावे असे निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचविले व विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात त्यास पाठिंबा दिला. तथापि ते अमलात आलेले नाही. जी वस्ती मत देत नाही असे एकदा ठरले तिच्या रस्त्याची व पाण्याची उपेक्षा होण्याचा धोका यातून निर्माण होतो. सूत्रधाराच्या नकाशावर ‘प्रतिकूल’ म्हणून रंगविलेली गल्ली निवडणुकीनंतरही त्याच रंगात राहू शकते.

६. उत्तरदायित्व

दुसरा प्रश्न पैशाचा आहे. २०२२ पासून मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवारास ९५ लाख रुपयांपर्यंत खर्च करता येतो. राजकीय पक्षाने सर्वसाधारण प्रचारावर केलेल्या खर्चास मात्र अशी मर्यादा नाही. व्यवसायी सूत्रधाराचा मोबदला पक्षाच्या खात्यातून गेला की तो उमेदवाराच्या मर्यादेबाहेर राहतो. त्याच्या कृत्याचा कायद्याशी संबंध येतो तो केवळ उमेदवाराची वा त्याच्या निवडणूक-प्रतिनिधीची संमती सिद्ध झाली तर. म्हणजे निर्णय एकाचा, नाव दुसऱ्याचे, व खर्च तिसऱ्याच्या नावावर अशी ही रचना आहे.

१९५७ च्या समितीतील कार्यकर्त्यास आपल्या जुळणीचे समर्थन आपल्याच गावात करावे लागे. भागवतांसारख्या संघटकास आपल्या सूत्राची किंमत वर्षानुवर्षे पक्षात राहून मोजावी लागे. करारावर आलेला सूत्रधार निकालानंतर दुसऱ्या राज्यात जातो आणि त्याने दिलेले आश्वासन मतदारसंघात मागे राहते. ते आश्वासन पाळावयाचे कोणी? कायद्याच्या दृष्टीने उमेदवाराने. परंतु त्या आश्वासनाचा शब्दही ज्याने रचला नाही असा उमेदवार ते कोणत्या अर्थाने आपले मानणार, हा प्रश्न उरतोच.

यावर उपाय म्हणून प्रचार-व्यवसायाची नोंदणी, त्याच्या मोबदल्याचे स्वतंत्र विवरण आणि केंद्रनिहाय आकड्यांचे एकत्रीकरण यांचा विचार करता येईल. राज्यशास्त्राच्या अभ्यासकास याहून जवळचे एक कामही आहे. नमुना २० ची पत्रके, जुन्या मतदारयाद्या, समितीकालीन पत्रके व कार्यकर्त्यांच्या आठवणी हे सूत्रधाराच्या कार्याचे उपलब्ध असणारे पुरावे होत. धुळे व जळगाव या जिल्ह्यांपुरते तरी ते पद्धतशीरपणे गोळा झाले, तर अधिनियमात ज्याचे नाव नाही त्याचे कार्य निदान इतिहासात नोंदले जाईल.